नवरीचं माप

दोरा पांढरा होता, साधा शिवणाचा, आणि त्याच्या एका टोकाला दोन गाठी मारलेल्या होत्या. काउंटरवर सांडलेल्या शेवंतीच्या पाकळ्यांत तो दिसतही नव्हता. करिष्मानं बोटानं उचलला तेव्हा तिला कळलं की हे कुणाचं तरी माप आहे.

"मानेपासून इथपर्यंत," समोरच्या बाई म्हणाल्या. त्यांनी हात स्वतःच्या पोटाशी नेला आणि पटकन खाली घेतला. "म्हणजे... मुलीच्या. हार एवढाच हवा. याच्या खाली नको."

पौडच्या एसटी स्टँडसमोर फुलांचं दुकान टाकून करिष्माला सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत धरणाच्या काठाकाठानं रिसॉर्ट उभे राहिले, पुण्याची लग्नं पाण्याशेजारी लागायला लागली, आणि देवाचे हार ओवणारी ती मंडप सजवायला लागली. पण नवरीचं माप दोऱ्यावर घेऊन आलेलं गिऱ्हाईक तिनं आजवर पाहिलं नव्हतं. नवऱ्या स्वतः येतात, मोबाइलमधले फोटो दाखवून जीव नकोसा करतात. नाहीच आल्या तर आईच्या हातातल्या फोनवर व्हिडिओ कॉलमध्ये असतातच.

"त्यांना फोन लावा की मॅडम. फुलं दाखवते."

"नको," बाई म्हणाल्या. जरा घाईनंच. "तिनं माझ्यावर सोपवलंय."

बाईंचं नाव रजनी. मूळच्या अकोल्याच्या, आता मारुंजीला, हिंजवडीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी. एवढं त्यांनी न विचारता सांगितलं. लग्न डिसेंबरात, तलावाकाठच्या एका लहान रिसॉर्टवर, माणसं तीस. तीसच? आणि मुहूर्त? "सकाळचा कुठलाही चालेल." नवरीचं नाव काय लिहू, असं करिष्मानं विचारलं तेव्हा मात्र बाई बाहेर फलाटाला लागणाऱ्या एसटीकडे बघत राहिल्या आणि, जणू त्या गाडीच्या पाटीवरूनच वाचल्यासारखं, म्हणाल्या, "अनुष्का."

खोटं आहे हे... करिष्माच्या मनात आलं. आणि मग गेल्या मार्चमधली ती दुपार तिच्या डोळ्यांपुढे आली. घरातून पळून आलेली ती नवरीही अशीच गोड बोलत होती, आईबाबा मागाहून येतायत म्हणत होती. आले ते दोन गाड्या भरून पुरुष. फुलांची कमान आडवी झाली, निशिगंधावर बूट नाचले, करिष्माच्या नवऱ्याच्या, सिद्धनाथच्या, टेम्पोची काच फुटली, आणि मुलीच्या भावानं करिष्माचा दंड धरून विचारलं होतं, "तुला माहीत होतं ना?" तिला माहीत नव्हतं. ते कुणालाच खरं वाटलं नाही. तेव्हापासून तिला सवयच लागली होती — गिऱ्हाईक फुलं बघायचं आणि ती गिऱ्हाइकाचे डोळे.

"वेणी जड नको," रजनीबाई सांगत होत्या. "तिचे केस विरळ आहेत. मुंडावळ्याही हलक्याच. कपाळाला दोरी काचली की डोकं दुखतं... तिचं."

करिष्मानं दुकानाच्या कार्डामागे 'हलक्या मुंडावळ्या' असं लिहून ते त्यांच्या हातात दिलं. मग नमुन्याचा एक हार काउंटरवर ठेवून ती ऑर्किड आणायला आतल्या खोलीत गेली. दुकानात कोपऱ्यात पोत्यावर तिची सासू, गोजराबाई, झेंडू ओवत बसली होती. सासू गिऱ्हाइकाशी बोलत नसे. मान वर करत नसे. गिऱ्हाइकंही तिला पोत्यासारखीच धरून चालत. करिष्मा परत आली तेव्हा हार जागच्या जागी होता आणि रजनीबाईंचे कान लाल झाले होते.

"जागा बघितल्याशिवाय मी काम घेत नाही," ती म्हणाली. हेही खोटंच होतं. तिला तिथल्या मॅनेजरला गाठून विचारायचं होतं, बुकिंग कुणाच्या नावावर आहे.

रजनीबाईंच्याच गाडीतून दोघी निघाल्या. बाई गाडी फार जपून चालवत होत्या, मागून येणाऱ्या प्रत्येकाला पुढे जाऊ देत होत्या. एवढी जपणारी बाई कुणाची पोरगी पळवून लग्न लावेल? पण का नाही लावणार? मार्चमधल्या मुलीबरोबरही एक अशीच मावशी होती, डबीतून बडीशेप वाटत फिरत होती...

मॅनेजर जेवायला गेला होता. पाण्याच्या बाजूला हिरवळीचा चौकोन आणि त्यावर बांबूचा मोकळा सांगाडा उभा होता. त्याच्या सावलीत साठी ओलांडलेले एक गृहस्थ थर्मास घेऊन बसले होते. त्यांना बघून रजनीबाई चालताना किंचित अडखळल्या.

"हे जनार्दनराव. भूगावला असतात. वीज मंडळात होते." आणि थोडं थांबून, "मुलीचे काका."

करिष्मानं नमस्कार केला आणि टेप सोडली. कमान किती उंच घ्यायची ते बघायला कुणीतरी नवरीच्या जागी उभं राहायला हवं होतं. रजनीबाई उभ्या राहिल्या. न सांगता, नेमक्या उजव्या बाजूला. करिष्मानं खिशातला दोरा काढला, हाराचा अंदाज घ्यायचा म्हणून त्यांच्या मानेशी धरला, आणि गाठींचं टोक बाईंनी सकाळी स्वतःच्या पोटाशी हात नेला होता तिथेच येऊन थांबलं.

"रजनी, चहा घेतेस?" काकांनी मागून विचारलं. मग करिष्माकडे वळून, मोकळेपणानं, "आणि हे बघा, हारात लाल गुलाब नको हं. मला या वयात..."

 पाण्यावर कुठेतरी बोटीचं इंजिन फुरफुरत होतं.

"माझंच आहे लग्न," रजनीबाई म्हणाल्या. करिष्माकडे न बघता. "सांगायला हवं होतं तुम्हाला. तोंडातून निघेना."

करिष्माला हसू यायला हवं होतं, किंवा हायसं वाटायला. गाड्या भरून पुरुष येणार नव्हते. पण संशय असा एकदम खाली बसत नाही. फुलांच्या बादलीतलं पाणी हलवलं की तळाचा गाळ वर येतो तसा तो वर आला आणि या माणसाभोवती फिरायला लागला. कोण हा? बाईंचा मारुंजीला फ्लॅट असणार. म्हातारपणी पोळीभाजीची सोय बघितली असेल... जनार्दनरावांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला, फुंकर मारून निववला आणि मग रजनीबाईंच्या हातात दिला. दोघांची ओळख दातांच्या दवाखान्यात झाली, दोघांनाही अक्कलदाढेची भीती, असं काहीबाही ते सांगत होते. ती त्यांचे डोळे बघत होती. त्यांत तिला काही सापडेना, म्हणून ती जास्तच बघत राहिली.

"घरी ठाऊक हाय?" तिनं विचारलं. दुकानातली शुद्ध भाषा विसरून ती घरच्या बोलीत आली.

"मुलाला सांगायचंय. कौस्तुभला. रविवारी सांगणार आहे."

"मागच्या रविवारीही सांगणार होतीस," जनार्दनराव हळूच म्हणाले.

चारच्या सुमाराला ती दुकानात परतली आणि दीड तासानं फोन वाजला. अनोळखी नंबर. तरुण आवाज.

"पौडचं फुलांचं दुकान ना? मी कौस्तुभ बोलतोय. आईच्या चष्म्याच्या घरात तुमचं कार्ड सापडलं. ती आली होती का तुमच्याकडे?"

आईचं नाव त्यानं सांगितलंच नव्हतं अजून. नाव काय त्यांचं, असं विचारायला हवं होतं. करिष्मा म्हणाली, "नाही. कुणी आलं नाही."

"पण मागे काहीतरी लिहिलंय. हलक्या मुंडावळ्या."

"मी कुठल्याही कार्डावर लिहिते हो. कुणीतरी दिलं असेल त्यांना."

 ती आवाज चढायची वाट बघत होती, मार्चमधल्या त्या भावासारखा. पण हा चढलाच नाही. "सॉरी हं," तो म्हणाला. "ती हल्ली काहीतरी लपवते. दुपारी ऑफिसात नसते. मला वाटलं, तिला काही झालंय आणि मला सांगत नाही. कुठल्या डॉक्टरकडे वगैरे... मग हे फुलांचं कार्ड. मला काही सुचेना."

"त्यांनाच विचारा की."

"भीती वाटते," कौस्तुभ म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी खोटं का बोलले? गिऱ्हाइकासाठी? त्या बाईंशी माझं काय नातं! एक चांगलं पोर आईला आजार झालाय समजून झुरतंय, आणि त्याला एका शब्दात मोकळं करायचं माझ्या हातात होतं... की तो शब्द ऐकून ते चांगलं राहिलं नसतं? तिला राहून राहून वाटत होतं की त्याचा नंबर पुन्हा लावावा. ती फोन हातात घेऊन बसून राहिली.

"तिच्या पोराचा व्हता?"

गोजराबाई. पोत्यावरून. सुई झेंडूत, मान खालीच.

"कुणाच्या, आत्या?"

"सकाळच्या बाईच्या. तिचंच लगीन हाय न्हवं?"

करिष्मा तिच्याकडे बघतच राहिली. "तुमाला कुनी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? तू आत गेलीस तवा तिनं हार गळ्याशी धरून आरशात बगितला. लेकीचा हार असा कोन बगतं?" तिनं दोरा दातानं तोडला. "करू दे की. आमच्यात पाट लागायचेच. नवरा मेला, दुसरा केला, कुनी त्वांड वाकडं करत न्हवतं."

पाट. विधवेचं दुसरं लग्न. करिष्मानं ते माहेरी चुलत आजीच्या बाबतीत ऐकलं होतं. पण सासू एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली आणि तिनं...

"तुमाला न्हाई कुनी इचारलं?" हे आपण कसं विचारलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"इचारलं की. बिरदेव म्हनून व्हता, कोळवणच्या अंगाचा. मेंढरं व्हती त्याची. दोनदा आला." गोजराबाईनं पुढचं फूल घेतलं, उलटून बघितलं, टाकून दुसरं घेतलं. "माज्या सिदूनं तीन दिस भाकर खाल्ली न्हाई. कोपऱ्यात तोंड करून बसला. मग न्हाई म्हनून सांगितलं मी."

"ल्हान व्हते की ते."

"व्हय. सा वर्साचा."

आणि ती ओवत राहिली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. करिष्मानं ती शोधली, नीट शोधली, कारण तक्रार असती तर बरं झालं असतं. पण मग आजच का? तेरा वर्षं मी या घरात आहे, एवढ्या वर्षांत नाही आणि आज का? हे खरं तरी आहे का? की म्हातारीला सुनेच्या मनात लेकाविषयी काही पेरायचंय... छे. सकाळपासून माझी नजरच नासली आहे.

सहाला टेम्पो आला. सिद्धनाथनं रिकामे क्रेट उतरवले, नळावर हात धुतले, जाता जाता आईच्या पाठीमागे टेकायला ठेवलेली चादर नीट खोचली — तो रोजच खोचत असे — आणि म्हणाला, "चहा हाय का?"

करिष्मानं चहा ओतला. तो उभ्यानंच प्यायला लागला, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, त्याच्या पिकत चाललेल्या कानशिलांकडे, गरम घोटानं मिटलेल्या डोळ्यांकडे. त्याला आठवत असेल? आठवत असेल तर तो इतकी वर्षं कसा बोलला नाही? आणि आठवत नसेल... तर ते त्याहून वाईट की बरं?

"काय गं? काय झालं?"

"काय न्हाई."

तिला राग आला होता. या दमून आलेल्या, कुणाचं वाईट न करणाऱ्या माणसाचा नव्हे; भिंतीकडे तोंड करून बसलेल्या एका सहा वर्षांच्या पोराचा. आणि त्याच पोराला जवळ घेऊन भाकरी भरवावी असंही त्याच क्षणी तिला वाटत होतं, आणि यातलं खरं कोणतं ते तिला ठरवता येईना.