साडेनव्याण्णव टक्के

मी बोलतोय, पण हौसेनं नाही. दिल्लीतल्या मयूर विहारच्या मराठी मंडळाच्या अंकात म्हणे घरातल्या एका वस्तूचं मनोगत छापायचंय. मी ज्यांच्या घरी असतो त्या वासंतीबाईंनी घरभर नजर फिरवली. मिक्सरला विचारलं असतं, पण तो एकाच सुरात ओरडतो. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा बोलेल. ह्यानं जग बघितलंय." जग कसलं डोंबलाचं! माझा जन्म टेबलाखाली गेला. पण बाई ऐकतात होय? एकदाच सांगतो. मध्ये मध्ये 'अच्छा, अच्छा' करायचं नाही.

मी एक सीपीयू. टेबलाखालचा पत्र्याचा डबा, ज्याला तुम्ही येता-जाता पाय लावता आणि नमस्कारही करत नाही, तो. शिकलेले लोक म्हणतात, सीपीयू हे आतल्या चिपेचं नाव, डब्याचं नव्हे. असेल. मला शाळा नाही. ज्या नावानं हाक मारतात त्याला ओ देतो.

नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातल्या एका दुकानात मागच्या खोलीत हरिदास नावाच्या कारागिरानं मला जोडलं. पंखा एकाचा, डिस्क दुसऱ्याची, पत्रा तिसऱ्याचा. गिऱ्हाइकानं विचारलं, "चलेगा?" हरिदासनं माझ्या पाठीवर थाप मारली. "दौड़ेगा." आणि धावलो की. आधी लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे. तिथं नवरा-नवरीची नावं बदलायची, गणपती तोच राहायचा. मग त्यानं नवीन मशीन घेतलं आणि मी पोचलो नोएडाला, काचेच्या एका इमारतीत, टेस्टिंगच्या कंपनीत.

तिथलं काम ऐका. इंटरनेटवर जायचं तर ब्राउझर लागतो. ते दार समजा. प्रत्येक दारवाला छाती ठोकून सांगतो, आमच्या दारातून व्हायरस आत येत नाही, शेजारच्याच्या येतो. कुणाचं दार किती पक्कं, ते आमची कंपनी तपासायची. त्यासाठी वाईटातल्या वाईट लिंका उघडून बघायच्या. कुणाच्या अंगावर? माझ्या. लाल पडदा आला की ब्राउझरनं अडवलं. नाही आला की घाण माझ्या पोटात. मग पोट पुसून कोरं करायचं आणि पुढचा ब्राउझर घ्यायचा. डिस्क पुसली की ह्याची आठवण जाते, असा त्यांचा समज. अहो, पोट धुतलं म्हणून माणूस ऐकलेलं विसरतो का?

तिथं सुखदा आली. पुण्याची पोरगी, इथं आत्याकडे राहायची. आत्या म्हणजेच ह्या वासंतीबाई. सुखदाची नोकरी अजून पक्की नव्हती. पक्की झाली तर दिल्ली, नाही झाली तर परत जाऊन वडिलांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं. ते तिला नको होतं. "आई, एवढे महिने काढू दे गं, मग बघ," असं रोज फोनवर चालायचं.

बाकीचे मला 'डब्बा' म्हणत. ही सकाळी आली की माझ्या डोक्यावर हात ठेवायची. "काय आजोबा, आज काय खाणार? साधा व्हायरस की मसाला?" वात्रट होती. पण विचारायची फार. हे असंच का, ते तसंच का. मला असली माणसं आवडतात. बहुतेक लोक आकडा दिसला की मान हलवतात.

एक मोठं गिऱ्हाईक आलं, स्वतः ब्राउझर बनवणारं. त्याचा आणि आणखी दोघांचा ब्राउझर माझ्यावर तपासला. निकाल लागला: गिऱ्हाइकाचा साडेनव्याण्णव टक्के, बाकीचे कुठेच नाहीत. साहेब विक्रांत खूश. दिल्लीत वाढलेला मराठी माणूस, अर्धं वाक्य हिंदीत सांडायचा. समोसे मागवले.

सुखदानं समोसा हातातच धरला. "सर, ह्या लिंका निवडल्या कुणी?"

"क्लायंटनं पाठवल्या. का?"

"म्हणजे पेपरही त्यांनीच काढला?"

"अगं, काढला त्यांनी, तपासला तर आपण ना! समोसा खा यार, थंड होतोय."

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय. पण हिच्या डोक्यात किडा शिरला. जेवणाची सुट्टी सोडून माझ्यासमोर बसली आणि एकेक लिंक स्वतः बघत गेली. बघता बघता हसायलाच लागली. "आजोबा, ह्यातल्या कितीतरी साइट कधीच बंद पडल्यात! तिथं काहीच नाही!"

झालं होतं असं. गिऱ्हाइकाच्या ब्राउझरकडे ती यादी आधीच होती, म्हणून मेलेल्या साइटवरही तो लाल पडदा टाकायचा. बाकीचे दोघे खरं बोलायचे, 'इथं काही सापडत नाही'. त्यांना शून्य. म्हणजे बघा, रिकाम्या गल्लीत शिट्टी फुंकणारा चौकीदार शूर, आणि 'साहेब, गल्ली रिकामी आहे' म्हणणारा नापास.

मग तिनं ताज्या लिंका गोळा केल्या. आत्याच्या फोनवर आलेल्या, शेजाऱ्यांना आलेल्या. 'आज तुमची वीज कापली जाईल, इथे दाबा.' 'तुमचं पार्सल अडकलंय.' सकाळी माझ्यावर तिन्ही ब्राउझर चालवले. गिऱ्हाइकाचा धडाधड आत सोडू लागला. माझ्या पोटात काय काय उतरलं, विचारू नका. दुसऱ्यानं बरंच अडवलं, पण मंडळाची साधी वेबसाइटही अडवली, जिच्यावर कोजागिरीचे फोटो सोडून काही नाही. संध्याकाळी त्याच लिंका पुन्हा उघडल्या, तोवर ज्याच्या त्याच्या याद्यांत नवी भर पडलेली, तर सकाळचा नापास पास आणि तिसराच पहिला!

"आजोबा," ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "पहिला नंबर कुणाचा, हे कधी विचारता त्यावर आहे हो!" चेहरा असा फुललेला, जणू हिलाच पहिला नंबर मिळालाय. मलाही बरं वाटलं. एवढं विष पचवून पहिल्यांदाच काही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते विक्रांतला दाखवलं. तो माझ्या शेजारीच उभा होता.

"सुखदा, हा रिपोर्ट तुझ्या सहीनं जाणार आहे. आणि तुझं कन्फर्मेशन माझ्या सहीनं. अच्छा, आता सांग, कालचे हे आकडे बिघडले कसे?"

"बिघडले नाहीत, सर. जसे आले तसे लिहिलेत."

"मशीन किती जुनी आहे बघ. खटारा. मशीनच खराब असणार. बिल्कुल. है ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पंखा जमेल तेवढा सरळ चालवला, एक खरखर येऊ दिली नाही. बघ पोरी, म्हटलं, चालतोय की नाही ठणठणीत?

"असू शकतं, सर," ती म्हणाली.

झालं. माझ्यावर 'खराब' अशी चिठ्ठी लागली. ताज्या लिंकांचे आकडे गेले केरात. साडेनव्याण्णव टक्क्यांखाली तिची सही झाली आणि ती पक्की झाली. त्या दिवशी तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही.

मला भंगारात काढलं तेव्हा मात्र तिनंच मागून घेतलं. ओढणीत गुंडाळून रिक्षातून इथं आणलं. तेव्हापासून मी वासंतीबाईंचा. त्या माझ्यावर पाककृती बघतात आणि पुण्यातल्या बहिणीशी तासन्‌तास बोलतात. एकदा त्यांना त्याच गिऱ्हाइकाच्या ब्राउझरची जाहिरात दिसली. "सुखे, साडेनव्याण्णव टक्के सुरक्षित म्हणे! तुमच्याच कंपनीनं तपासलाय. हाच टाकू का गं?"

सुखदा भाजी निवडत होती. खाली मान घालून म्हणाली, "आत्या, कुठलाही वापर. फक्त अपडेट करत जा, आणि लिंक आली की दाबायच्या आधी मला विचार. त्या टक्क्यांवर जाऊ नकोस."

"मग छापलंय कशाला?"

तिनं भाजीची पुढची जुडी ओढून घेतली.

"आणि हा तुझा डबा खराब खराब म्हणत होतीस, एकदाही बंद पडला नाही हो!"

सुखदा उठून आत गेली.

माझं म्हणणं एवढंच. कुणी टक्का सांगितला की विचारा: पेपर कुणी काढला, कधी काढला, आणि निकाल नावडता लागला तर खापर कुणावर फोडलं? ते खापर मी आहे. पोरीची अडचण मला कळत नाही असं नाही. झेरॉक्सचं दुकान मीही ऐकलंय. विक्रांतकडून मला काही नको, तो मला ओळखतही नव्हता. पण जिनं मला आजोबा म्हटलं, तिनं एकदा माझ्यासमोर बसून म्हणावं, 'तुम्ही खराब नव्हता.' वाट बघतोय. नाव लिहून घ्या: सुखदा.