ताईनं टेकून दाखवलं

मोठ्या डेअरीच्या गोठ्यात ताई धारा काढायची. यंत्र दूध ओढायचं, पण गाईचे सड पुसणं, यंत्र लावणं, शेण लोटणं हातानंच. तिचा धाकटा भाऊ बारक्या इंजिनिअर झाला आणि नेमका त्याच गोठ्यात काम घेऊन आला. गाईंच्या गळ्यात सेन्सरचे पट्टे बांधायचे. मान कशी हलते यावरून गाय खातेय, रवंथ करतेय की लंगडतेय, हे कॉम्प्युटर ओळखणार.

"पण आधी त्याला शिकवावं लागतं," बारक्या म्हणाला. "तू व्हिडिओ बघून फक्त सांग, गाय काय करतेय."

ताईला केवढं कौतुक! आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. काम आटोपलं की ती त्याच्या शेजारी बसायची. "ही रवंथ. ही नुसती माशी हाकलतेय." पुढं पट्ट्यामुळं एका गाभण गाईचं दुखणं वेळेत कळलं, गाय वाचली. "माझ्या भावाचं डोकं आहे ते!" ताई सगळ्यांना सांगत सुटली.

मग त्यानं तिच्या मनगटावरही पट्टा बांधला. "माणसानं गाईला हात लावला की मशीन गोंधळतं. तुझ्या हालचाली कळल्या की त्या वगळता येतील."

तिला ते पटलं. तो म्हणेल ते तिनं करून दाखवलं. यंत्र लावलं, झाडलं, भिंतीला टेकली, बादली पालथी घालून बसली. काम करतोय असं भासवत डुलकी कशी काढतात, तेही दाखवलं. दोघं हसून हसून बेजार झाली.

काही आठवड्यांनी सगळ्याच कामगारांच्या मनगटांवर पट्टे आले.

पट्ट्यामुळं पहिली सापडली गोठ्यातली जुनी कामगार, मावशी. तिनंच ताईला हे काम शिकवलं होतं. गुडघे गेलेले, त्यामुळं यंत्र लावलं की ती दूध निघेपर्यंत भिंतीला टेकायची. मॅनेजरनं तिला कामचुकार ठरवून घरी बसवलं.

"टेकणं कसं असतं ते कॉम्प्युटरला तू शिकवलंस ना गं?" जाताना मावशीनं विचारलं.

ताई तडक बारक्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुला हे ठाऊक होतं?"

"ताई, कंपनीला दोन्ही हवं होतं. गाईंचंही, माणसांचंही."

"पहिल्यापासून?"

तो खाली बघत म्हणाला, "सांगितलं असतं तर तू पट्टा घातला असतास का? आणि तुला सुपरवायझर करायचं मी मॅनेजरकडून कबूल करून घेतलंय. तुझे कष्ट सुटावेत म्हणूनच ना!"

"मावशीला घालवून?" ताई म्हणाली. "अरे, मागितलं असतंस तर जीव दिला असता तुला. फसवलंस कशाला?"

तिनं मॅनेजरला गाठलं. यंत्र लावल्यावर थांबावंच लागतं, ते आळसाचं टेकणं नव्हे, हे परोपरीनं सांगितलं. "मशीन चुकत नाही," एवढंच तो म्हणाला. ताईनं त्याच दिवशी काम सोडलं. निघताना बाकीच्या बायकांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या लेखी तीही भावाला सामील होती.

आता ती एका छोट्या गोठ्यात हातानं धारा काढते. एकदा बारक्या दारात आला. सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "जेवलास का?"

तिनं त्याला पोटभर वाढलं. घास घेता घेता त्यानं विचारलं, "नवीन काम कसं आहे, ताई?"

"भाजी घे अजून," ती म्हणाली आणि पाठ फिरवून भांडी घासू लागली.