पुढचं बटण

सत्यजीतची गाडी शिरूरच्या गॅरेजला न जाता माझ्या दारात आली, तेव्हाच मला वास यायला हवा होता. पण स्क्रू ड्रायव्हर हातात आला की माझी अक्कल मनगटात उतरते, असं माझी सासू म्हणायची. त्या दिवशी तिचं खरं झालं.

गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढून आत मांडलेलं घर. बर्थ, गॅसची शेगडी, छताला पांढरे लाइट, खिडक्यांना काळी काच. पुण्याच्या लोकांना भाड्याने द्यायला म्हणून सत्यजीतने ती घेतली आणि भाडं मिळेना तसा तिच्यापुढे उभा राहून स्वतःचेच फोटो टाकत बसला. आता तिला काम मिळालं होतं. उपसरपंचाची निवड तोंडावर आली होती, सत्यजीत स्वतः उभा होता, आणि निवडीआधी सदस्यांना सहलीला नेतात. सहल म्हणजे काय ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. समोरच्या पार्टीने फोडू नये म्हणून सदस्य कुठेतरी नेऊन ठेवायचे, खाऊपिऊ घालायचं, आणि ऐन मीटिंगला खुराड्यातल्या कोंबड्यांसारखे आणून सोडायचे.

मीही सदस्य. वॉर्डातली जागा बाईची निघाली म्हणून माझ्या नवऱ्याने, सुदर्शनने, मला सत्यजीतच्या पॅनलमधून उभं केलं. फ्लेक्सवर माझ्यापेक्षा त्याचाच फोटो मोठा होता.

“आतली बटणं काढून टाक,” सुदर्शन म्हणाला. “समद्या लाइटचं एकच बटण पुढं, ड्रायव्हरपाशी पायजे.”

“मग आतल्या माणसानं लाइट लावायचा कसा?”

“तुला काय करायचंय? कर म्हनलं की कर.”

“शिरूरातले वायरमन संपावर गेलेत व्हय?”

सत्यजीतने दात काढले. “वैनी, भायेरच्याला हात लावू दिला की गावभर बोभाटा. तुमी घरच्या.”

बघा डोकं. जिला कोंडायचं, कुलूपही तिच्याकडूनच बसवून घ्यायचं. पण मी सदस्य आहे हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. त्यांच्या लेखी मी सुदर्शनची बायको, रांजणगावच्या एमआयडीसीत सहा वर्षं गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधून आलेली. फुकटचा हात.

काम सोपं होतं. लाइटची बॅटरी शेवटच्या बर्थखाली होती. तिथून लाल वायर ड्रायव्हरच्या बटणापर्यंत नेली, बटणातून दुसरी लाल वायर मागे आणून लाइटांना दिली. आतली बटणं उपटून तिथल्या वायरी थेट जोडल्या. दाराची आतली मूठ जागेवर दिसली नाही. विचारलं, तर सुदर्शन म्हणाला तुटलीये, बसवू.

टेप गुंडाळता गुंडाळता मी त्याला सांगून टाकलं, “माझं मत नकुशीला.”

नकुशी समोरच्या पार्टीची. पण कंपनीत ती माझ्या शेजारच्या टेबलावर होती, आणि फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत आम्ही दोघींनी वर्षं काढली. तिथे बायकांसाठी आडोसा नाही. पोट आवळून उभं राहायचं, नाहीतर उसात शिरायचं. नकुशीने एकच गोष्ट बोलून दाखवली होती, उपसरपंच झाले तर फाट्यावर बायकांची मुतारी बांधणार. सत्यजीत त्यावर भर चौकात म्हणाला होता, “का, उसाला काय झालं?” आणि माणसं हसली होती. माझा नवराही.

“मत सत्यजीतला हाय,” सुदर्शन म्हणाला. “म्या शब्द दिलाय.”

“माझा शब्द तुम्ही कसा दिला?”

अंगणात धुरपदामावशी बसली होती. तीही आमच्याच पॅनलची सदस्य, साठीची, अंगठाबहाद्दर. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, “मला बया काय कळतंय. सुलक्षणा जिकडं हात करंल तिकडं माझा.” तिने हे मोठ्याने म्हणायला नको होतं. सुदर्शन आणि सत्यजीतने एकमेकांकडे पाहिलं.

तरी निवडीच्या आदल्या दिवशी मी मुकाट्याने गाडीत बसले. मतदान हात वर करून होणार, हात माझा आहे, मग गाडी कुठे का जाईना. फोन काढून घेतले. सहलीचा नियमच तो. रात्री दौंडजवळच्या कुणाच्या तरी फार्महाऊसवर मटण झालं. सकाळी पुरुष सदस्य दुसऱ्या गाडीने पुढे गेले आणि आम्हा दोघींना याच गाडीत बसवलं. सुदर्शन चालवत होता. पारगावचा पूल यायच्या आधीच त्याने गाडी डांबरी रस्त्यावरून खाली घेतली आणि उसाच्या कडेला बंद केली.

पुढच्या सीटमागे प्लायवूडची भिंत होती. तिच्यातून त्याचं सत्यजीतशी फोनवर चाललेलं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

“हां भाऊ, दोघीबी आतच हायेत. मीटिंग उरकली की आणतो. न्हाई न्हाई, दार आतनं उघडत न्हाई.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी प्लायवूडवर बुक्क्या मारल्या. “दार उघडा!”

“गप बस. थोड्या वेळाचा तर सवाल हाय.”

“मला मत द्यायचंय.”

“दिलंस की. गैरहजर राहनं हेबी मतच असतंय.”

मी पत्रा बडवत राहिले. तशी त्याने बटण दाबलं. काळ्या काचा, वर जाड पडदे. हाताला हात दिसेना.

“वरडलीस की अंधार,” तो पलीकडून म्हणाला. “गप बसलीस की उजेड. कळलं?”

मला रडू फुटलं. रागाचं. मी लावून दिलेल्या बटणावर हा मला शहाणपण शिकवत होता. इतक्या वर्षांत त्याचा मला कधी एवढा तिटकारा आला नव्हता.

मग आठवलं, दोन्ही लाल वायरींचे सांधे बर्थखाली बॅटरीपाशी आहेत. मीच मारलेले. एक पुढे जाणारी, एक पुढून येणारी. त्या एकमेकींना जोडल्या की पुढचं बटण नुसतं शोभेचं. मी चाचपडत गादी उचलली, फळी सरकवली, नखांनी टेप सोलली. बारा व्होल्टचा काही झटका बसत नाही. दोन लाल वायरी पिळल्या आणि गाडीत लख्ख उजेड पडला.

पुढे बटण खटकलं. उजेड तसाच. पुन्हा खटकलं. मग खटाखट सुरू झालं.

धुरपदामावशीला पदरात हसू मावेना. “दाब की रं सुदर्शन,” ती ओरडली. “दाब बाबा, दाब!”

माझ्या नवऱ्याला भूक सहन होते, ऊन सहन होतं, पण बायका हसलेल्या सहन होत नाहीत. त्याने खाली उडी मारली आणि दार खाडकन सरकवलं. “काय केलंस गं भवाने?” म्हणत तो आत वाकला. मावशी त्याला ढुशी देऊन बाहेर पडली. मी मागोमाग निघाले, तर त्याने माझा दंड धरला. बोटं मांसात रुतली. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तो केकाटला, हात सुटला. मी पुढच्या दारातून किल्ली ओढली आणि उसात भिरकावली.

मावशी तोवर डांबरी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी होती. दुधाचा टेम्पो थांबला नसता तर तिला उडवून गेला असता. ड्रायव्हर शिव्या देत होता, मावशीने त्याला त्याहून पाणीदार दिल्या आणि आम्ही कॅनशेजारी चढलो.

सुदर्शनने फोन केलाच होता. ग्रामपंचायतीच्या दारात सत्यजीतची पोरं आडवी उभी होती. मावशीने त्यांच्या आज्यांची नावं घेऊन त्यांची कुळं उद्धरली, तशी ती बाजूला झाली. आत मतदान सुरू होत होतं. आम्हाला बघून सत्यजीतचा चेहरा उतरला.

“नकुशीच्या नावाला संमती असलेल्यांनी हात वर करा.”

मी हात वर केला. बाही सरकली आणि दंडावरचे काळेनिळे वळ सगळ्यांना दिसले. मावशीचा हात माझ्याही आधी वर गेला होता. नकुशी एका मताने आली. गुलाल घेऊन पोरं आत घुसली, तरी ती माझ्या दंडाकडेच बघत होती.

बाहेर आले तर सुदर्शन कुणाच्या तरी मोटारसायकलवरून उतरत होता. मनगटाला रुमाल बांधलेला. गाव गोळा झालं होतं.

“आता घरात पाऊल टाकायचं न्हाई,” तो ओरडला. “समद्यांदेखत सांगतोय!”

या माणसाचा मार मला माहीत आहे. पण दोन्ही पार्ट्यांची माणसं ऐकत होती आणि मला असं व्यासपीठ पुन्हा मिळणार नव्हतं.

“घरकुल माझ्या नावावर हाय,” मी म्हणाले. “मीबी समद्यांदेखत सांगते. आज कुठं निजताय ते तुम्ही बघा.”