खंडेनवमीला मला विसावा दिला, त्याची हकिकत

मी एक जुना सर्व्हर आहे, आणि नवरात्रात तुळजापुरात हरवलेल्या प्रत्येक माणसाचा ठावठिकाणा मला ठाऊक असतो. निदान खंडेनवमीच्या सकाळी साडेदहापर्यंत असायचा.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षे एका कचेरीत गेली. तिथे निकामी ठरल्यावर मला एका सेवा मंडळाला दान केले. मंडळाच्या 'हरवले-सापडले' कक्षात स्वयंसेवक रणधीरने माझ्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली चढवली आणि कंटेनरचे सॉफ्टवेअर बसवले. कंटेनर म्हणजे झाकणाचा डबा समजा. नोंदींचा प्रोग्राम आपल्या मीठमसाल्यासकट त्यात बंद. मी बंद होऊन पुन्हा चालू झालो, तर डबाही आपोआप सुरू व्हावा, एवढे सांगायचे रणधीरने राहू दिले. नोंदीही डब्याबाहेर जपून ठेवल्या नाहीत. "चाललंय ना? मग झालं," म्हणून तो चहाला गेला. आठ दिवसांत मी अडतीस माणसे घरच्यांना मिळवून दिली. कौतुक रणधीरचे झाले.

नवव्या दिवशी सकाळी जळकोटच्या धुरपदाबाई आल्या. नोंदणीला महानंदाताई होत्या.

"ल्योक हरवलाय माजा. कोंडीराम."

"वय किती, आजी?"

"पन्नाशी झाली आसंल. म्या लई येळ थांबायची न्हाय, यस्टीनं घरी जाते. आला तर लावून द्या त्येला."

ताईंनी तसे माझ्यात टिपले आणि पाळी संपली म्हणून त्या निघून गेल्या.

मग मंडळाचे अध्यक्ष मल्लिनाथअप्पा हळदकुंकू घेऊन आले.

"बंद करा ह्याला. चालतं अवजार पुजत न्हाईत."

"अप्पा, सर्व्हर आहे तो," रणधीर म्हणाला.

"मग काय पाव्हणा हाय का?"

मला बंद केले. जाळीवर झेंडूची माळ चढली, कुंकू थेट पंख्यात गेले. पाऊण तासाने मला चालू केले. डबा मात्र बंदच राहिला.

तेवढ्यात कोंडीराम धापा टाकत आला. "आई हरवलीय माझी. हिरवं लुगडं, पाठीत वाकलेली."

उत्तर माझ्या पोटात होते. डबा सुरू करायला एक ओळ पुरली असती. पण पडद्यावर लाल अक्षरे बघून रणधीरने ती ओळ शोधलीच नाही. "नवीनच टाकतो," तो म्हणाला. "दिवस चांगलाय," अप्पांनी दुजोरा दिला. जुना डबा नोंदींसकट पुसला गेला. नव्यासमोर नारळ फुटला. यादी कोरी करकरीत.

"अशी बाई इथं आलीच न्हाय," रणधीरने कोंडीरामला सांगितले.

तो माणूस दिवसभर गर्दीत अनवाणी फिरला. गर्दीने गावाकडे फोन लागत नव्हता. दर तासाला येऊन विचारी, "लागला का पत्ता?" शेवटी तर त्याने विहिरींची चौकशी सुरू केली. मला वाचा नाही. नुसता पंखा आहे, आणि तोही कुंकवाने घरघरत होता.

पाच वाजता जळकोटच्या शेजाऱ्याचा फोन लागला. आई दुपारीच घरी पोचली होती आणि पोरगा कुठे उलथला म्हणून चिडली होती.

मित्रांनो, आमची पूजा नका करू, चालेल. पण पुसण्याआधी आत काय आहे ते बघा. अडतीस माणसे पोचवणाऱ्याला एवढे तरी विचारावे.

मंडळाने आता दोनशे पानी वही आणली आहे. ती माझ्यावर ठेवतात.