मागे न जाणारी टेप

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं झाकण रबरबँडने बांधलेलं, एक बटण कायमचं रुसलेलं. तरी माझा तोरा बघाल तर बघतच राहाल. का म्हणून विचारा!

कारखान्यात माझी जुळणी झाली, काही दिवस दुकानाच्या काचेत मिरवलो आणि मग लाँड्रीच्या वरच्या खोलीत, संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात आलो. तिथल्या बाईंची एक रीत होती. प्रत्येकाला स्वतःची कॅसेट. माझ्यासमोर बसायचं, इंग्रजीत बोलायचं आणि मग आपलंच बोलणं ऐकायचं.

तिथे एक नणंद-भावजयीची जोडी यायची. वहिनी इस्पितळाच्या तळघरात चादरी शिवायची. वर चौकशीच्या खिडकीवर जागा निघाली होती. इंग्रजी बोलता आलं, तर ती तिला मिळणार होती. "मला उजेडात काम करायचंय हो बाई," ती म्हणायची.

पण तिच्या मनाने एक पक्कं धरलं होतं. चुकायचं असेल तर तोंडच उघडायचं नाही! शब्द अडखळला की ती झटकन टेप मागे नेई आणि पहिल्यापासून बोलू लागे. चुकलेलं पुसलं जाई, त्याबरोबर धडपडही. कॅसेटवर उरे एकच वाक्य, स्वतःचं नाव सांगणारं.

"बघा, एवढंच येतं मला. माझी जीभ इंग्रजीची नाहीच."

"माझ्यावर बरी चालते ती!" नणंद म्हणाली. ती स्वतः धडाधड चुकायची, हसायची आणि पुढे जायची.

मुलाखत तोंडावर आली आणि माझं टेप मागे नेणारं बटण अडकलं. वहिनीने दाबलं, ठोकलं, फुंकर मारली.

"आता गं?"

"आता पुढे चल. दुसरं काय!"

माझी टेप फिरतच होती. वहिनी अडखळली, चुकली, चुकीला वळसा घालून निघाली. चादरी, तळघर, तिथला कुरकुरणारा पंखा, सगळं सांगत सुटली. कॅसेटची बाजू संपून माझं बटण खटकन वर आलं, तेव्हा कुठे ती भानावर आली.

बाईंनी कॅसेट काढली, भोकात पेन्सिल घालून गरागरा उलटी गुंडाळली आणि पुन्हा लावली. वहिनी तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली.

"एवढं मी बोलले?"

"छे! खालचा लाँड्रीवाला बोलला," नणंद म्हणाली.

मुलाखतीहून ती धापा टाकत जिना चढली. "चुकले, बाई! साहेब म्हणाले, समजलं नाही. मग मी तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. उद्यापासून खिडकीवर!"

आता मला दुरुस्तीला न्यायचं निघालं की वहिनीच आडवी येते. "बाकी काही करा, त्या बटणाला हात लावायचा नाही."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ तेवढी अधूनमधून पुसत जा. तुमची चुकलेली वाक्यं मात्र पुसू नका. पुढचं वाक्य त्यांच्याच मागून येत असतं.