एक घड्याळ, दोन मनगटं

मुलाने दिलेलं ते घड्याळ म्हणजे डोक्याला नुसता ताप. नाडी मोजून दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला कळवायचं आणि वर मलाच "उठा, चाला" म्हणून दटावायचं. वैतागून मी ते अधूनमधून बायकोच्या हातात बांधू लागलो. ती दिवसभर फिरतच असते. फिरू दे माझ्या नावावर!

आज डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही बोलावलं. "काका, तुमचे ठोके मधेच चुकतायत. पक्षाघाताचा धोका आहे म्हणतोय कॉम्प्युटर."

माझी बोबडीच वळली. घड्याळाचं खरं सांगून टाकलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "मग चुकलेले ठोके नक्की कोणाचे?"

"माझेच," बायको म्हणाली.

"गप्प बस! माझे आहेत," मी खेकसलो.

"तुम्हाला काय धाड भरलीय? माझेच!"

डॉक्टरीणबाई आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिल्या. "थांबा, दोघांनाही तपासू."

टेबलाखाली बायकोने माझं मनगट धरलं होतं. नाडी चाचपत होती. माझी बोटंही तिच्या मनगटावर होती. पण एवढं धडधडत होतं ते कोणाचं, हे मला काही केल्या कळेना.