लक्ष आहे माझं

लोकांचं लक्ष मोजणं हा त्याचा धंदा. माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची, डोळ्यांवर आभासी जग दाखवणारा चष्मा बांधायचा आणि मेंदू कशाने जागा होतो ते पडद्यावर बघायचं. बारा वर्षं तो हेच करत होता आणि बारा वर्षं बायको म्हणत होती, "तुझं माझ्याकडे लक्षच नसतं."

ही तक्रार त्याच्या जिव्हारी लागायची. शेवटी पठ्ठ्याने पुरावाच द्यायचा ठरवला. तिच्याकडून मनाला येतील ती दहा वाक्यं ध्वनिमुद्रित करून आणायला सांगितली, रविवारभर प्रयोगशाळेत बसून ती चष्म्यात दिसणाऱ्या आभासी खोलीत पेरली आणि सोमवारी टोपी स्वतःच्याच डोक्यावर चढवली. इतरांना तो आधी बजावायचा, जबडा सैल सोडा, दात आवळू नका. याला कोण बजावणार? हा तर तज्ज्ञ.

आलेख बघून त्याची छाती फुगली. दर वाक्याला रेघ उसळली होती. संध्याकाळी त्याने कागद बायकोपुढे ठेवला. "बघ. तू बोललीस की माझा मेंदू खडबडून जागा होतो."

बायको दातांची डॉक्टर. तिने कागद दिव्याखाली धरला. "या तारा कुठे होत्या?"

"कानशिलापाशी."

"मग हा मेंदू कसला? जबडा आहे तुझा. मी बोलले की तू दात आवळतोस. रात्री दातांवर घालायची पट्टी दिली होती, तीनदा सांगितलं."

याच चुकीसाठी त्याने विद्यार्थ्यांना फैलावर घेतलं होतं.

"दहावं वाक्य काय होतं?" तिने विचारलं.

त्याला आठवेना. वाक्यं कापताना त्याने पडद्यावर आवाजाच्या रेघा पाहिल्या होत्या, आणि टोपी घातल्यावर नजर चष्म्याच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या आलेखाच्या आकड्यांवर होती. ऐकलं असं काहीच नव्हतं.

मंगळवारी टोपीबिपी न घालता त्याने ते वाक्य लावलं. "रविवारी माझा दवाखाना बंद आहे, दोघंच कुठेतरी जाऊ या, मी सकाळी तयार राहीन."

त्याला स्वतःची लाज वाटली. रविवारी सकाळी ती ठेवणीतले कपडे घालून दारात उभी होती. "दार लावून घे," एवढं सांगून तो घाईघाईने निघाला होता, तिचीच वाक्यं नीट लावायला.